निघायचं कधी, हे मे महिन्यातच ठरवा

कृष्णा-पंचगंगेच्या काठचा पूर एका झटक्यात येत नाही. तो चढतो. नदी पात्राबाहेर पडते, मळीत शिरते, बंधारे एकामागून एक पाण्याखाली जातात, मग ओढ्यांतून पाणी उलटं गावाकडे सरकायला लागतं. यात दोन-तीन दिवस सहज जातात. २२ जुलै २०२१ ला चिपळूणच्या बाजारपेठेत वाशिष्ठीचं पाणी शिरलं, तेव्हा लोकांना सामान वर ठेवायलाही उसंत मिळाली नाही. शिरोळ, करवीर, मिरज, पलूस, वाळवा या तालुक्यांतल्या गावांना ती उसंत मिळते. तरीही २०१९ च्या ऑगस्टमध्ये इथली हजारो माणसं दुसऱ्या मजल्यावर, स्लॅबवर, शाळांच्या गच्चीवर अडकून पडली. त्यांना काढायला लष्कर, नौदल आणि एनडीआरएफच्या बोटी आणाव्या लागल्या.

इशारा मिळाला नव्हता असं नाही. लोक निघाले नाहीत. त्यांना मूर्ख ठरवणं सोपं आहे आणि साफ चुकीचं आहे. गोठ्यात चार म्हशी आहेत, त्या कुठे न्यायच्या हे माहीत नाही. सासरे अंथरुणाला खिळलेले आहेत. शिवाय २००५ ला पाणी आपल्या पायरीपर्यंतच आलं होतं, हे डोळ्यांनी पाहिलेलं आहे. अशा वेळी रात्री नऊ वाजता दवंडी आली तर शहाणा माणूसही म्हणतो, सकाळी बघू. म्हणून या लेखात टॉर्च, मेणबत्त्या आणि काडेपेटीची यादी शेवटाकडे आहे. आधी एकच गोष्ट पक्की करायची आहे: आपलं घर, आपला गोठा आणि आपली गल्ली कुठल्या खुणेला सोडायची, हे ऊन असताना, डोकं शांत असताना ठरवायचं.

पाणी येतं कुठून

आपल्या अंगणात पडणाऱ्या पावसावरून पुराचा अंदाज बांधू नका. शिरोळमध्ये ऊन पडलेलं असतं आणि नदी चढत असते, हे तिथल्या प्रत्येकाने पाहिलेलं आहे. आपला पूर गगनबावडा, राधानगरी, दाजीपूर, नवजा, महाबळेश्वर इथल्या पावसात ठरतो. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती यांचं पाणी प्रयाग चिखलीजवळ एकत्र येतं आणि पंचगंगा होतं. ती पुढे नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णा आधीच तुडुंब असेल तर पंचगंगेचं पाणी पुढे सरकत नाही, मागे फुगवटा येतो. म्हणून घाटातला पाऊस थांबल्यावरही शिरोळ तालुक्यातलं पाणी दिवसच्या दिवस उतरत नाही. कोल्हापुरात उतार सुरू झाल्याची बातमी ऐकून कुरुंदवाड-राजापूरकडच्या माणसाने परत निघायची घाई करू नये.

धरणाच्या बातम्या कशा वाचायच्या, तेही एकदा समजून घ्या. एक क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, साधारण २८ लिटर पाणी. साडेअकरा हजार क्युसेक विसर्ग चोवीस तास चालू राहिला की एक टीएमसी, म्हणजे एक अब्ज घनफूट, पाणी खाली येतं. कोयनेची साठवण १०५ टीएमसीच्या आसपास आहे. ऑगस्टच्या सुरुवातीलाच धरण काठोकाठ भरलेलं असेल, तर पुढच्या जोरदार पावसाचं पाणी अडवायला त्यात जागा उरत नाही. जेवढं येईल तेवढं सोडावंच लागतं. राधानगरीची गोष्ट आणखी वेगळी. तिथले सात स्वयंचलित दरवाजे पाणी ठरावीक पातळीला गेलं की आपोआप उघडतात आणि प्रत्येक दरवाजातून १४२८ क्युसेक पाणी भोगावतीत येतं. 'राधानगरीचे दरवाजे उघडले' ही बातमी आली की नदीकाठच्या माणसाने दुसरी कुठलीही अफवा ऐकायची गरज नाही.

हवामान खात्याचे रंगही नीट ओळखा. ऑरेंज अलर्ट म्हणजे तयारीत राहा, रेड अलर्ट म्हणजे हालचाल करा. चोवीस तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस झाला तर हवामान खातं त्याला अत्यंत मुसळधार म्हणतं. आपल्या गावाला हिरवा रंग आहे आणि घाटमाथ्याला लाल, असं दिसलं तर आपल्यासाठी लाल रंगच खरा माना.

फुटांचा अर्थ आपल्या गल्लीत लावा

कसबा बावड्याच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट ही इशारा पातळी आणि ४३ फूट ही धोका पातळी. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ हेच आकडे ४० आणि ४५. पावसाळ्यात हे आकडे प्रत्येकाच्या मोबाइलवर दिवसातून दहा वेळा येतात आणि बहुतेकांना त्यातून काहीच कळत नाही, कारण ४१ फूट म्हणजे माझ्या दारात किती, हे कुणी सांगत नाही. ते सांगणारा तक्ता गावानेच तयार करायचा असतो.

काम दोन संध्याकाळींचं आहे. गावातले चार जुने जाणते, पोलीस पाटील, तलाठी, नदीकाठचे दोन-तीन शेतकरी आणि दूध संस्थेचा सचिव यांना एकत्र बसवा. २००५, २०१९ आणि २०२१ या तीन वर्षांचं प्रत्येकाला काय आठवतं ते लिहून काढा. बंधाऱ्यावर अमुक फूट असताना स्मशानशेड बुडालं होतं, तमुक फुटाला ओढ्यावरच्या मोरीवरून पाणी गेलं, एवढ्या फुटाला मारुतीच्या देवळाच्या पायरीला पाणी लागलं. जुने मोबाइल उघडायला लावा. त्यातल्या पुराच्या फोटोंवर तारीख आणि वेळ असते, आणि त्या वेळची बंधाऱ्याची पातळी जुन्या बातम्यांत सापडते. दोन्ही जोडलं की तक्ता होतो. मग विजेच्या खांबांवर आणि देवळाच्या, शाळेच्या भिंतींवर ऑइल पेंटने त्या खुणा मारा: पिवळी, नारिंगी, लाल. चुना नको, पहिल्या पावसात धुऊन जातो.

हा तक्ता करताना एक गोष्ट हमखास उघडी पडते. गाव बुडण्याआधी गावाचा रस्ता बुडतो. घर कितीही उंचावर असलं तरी बाहेर जाणारा रस्ता ज्या सखल जागी आहे, तिथली पातळी हीच तुमची खरी धोका पातळी. अनेक गावांत ती घरात पाणी येण्याच्या कितीतरी आधी गाठली जाते. त्यानंतर ट्रॅक्टर, टेम्पो, रुग्णवाहिका सगळं बंद, फक्त बोट. म्हणून निघण्याची खूण दारात पाणी येण्यावर ठेवू नका. रस्त्याच्या त्या सखल जागेवर ठेवा, आणि पाणी तिथे टेकण्याच्या आदल्या दिवशीच्या उजेडात निघा.

जुन्या पुराच्या खुणेवर विसंबू नका, हे मी पुन्हा पुन्हा सांगेन. २००५ च्या खुणेवर भरवसा ठेवून २०१९ ला लोक घरात बसले. त्या वर्षी राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि सांगलीत ५७ फुटांच्या वर. दोन वर्षांत, जुलै २०२१ ला, कोल्हापुरात ५६ फुटांचा आकडाही मागे पडला. तुमच्या तक्त्यात सर्वांत मोठ्या पुराच्या वर आणखी तीन-चार फूट मोकळी जागा ठेवा आणि त्या पातळीला गावात कोण उरतं, याचा विचार करा. उत्तर 'कुणीही नाही' असंच असायला हवं.

गोठा आधी

पूरग्रस्त भागात माणूस मागे राहतो तो बहुतेक वेळा जनावरांसाठी. ज्या घराचा महिना दुधाच्या बिलावर चालतो, त्या घराला म्हशी सोडून चला म्हणणं म्हणजे उद्याचं पोट सोडून चला म्हणणं. म्हणून ज्या गावाची जनावरं वेळेत हलतात, त्या गावाची माणसंही वेळेत हलतात. ग्रामपंचायतीच्या आराखड्यात जनावरांचा विषय अनेकदा शेवटच्या पानावर असतो. तो पहिल्या पानावर आणा.

हिशेब करून बघा. गावात पाचशे जनावरं आहेत असं धरा. एका टेम्पोत चार म्हशी बसतात. चढवणं, नेणं, उतरवणं, परत येणं धरून एका फेरीला दीड तास. दहा टेम्पो मिळाले, तरी सगळी जनावरं बाहेर काढायला जवळपास एकोणीस तास लागतात. रात्री दवंडी दिल्यावर हे होणं शक्य नाही. म्हणून भाकड जनावरं, कालवडी आणि रेडकं इशारा पातळीच्या आधीच हलवायची. चालती जनावरं रस्ता कोरडा असतानाच हाकत न्यायची. टेम्पो फक्त व्यायला झालेल्या, लंगड्या आणि लहान जनावरांसाठी राखून ठेवायचे.

न्यायचं कुठे, हे मे महिन्यात ठरतं. माळावरच्या गावातले पाहुणे, साखर कारखान्याचं मोकळं आवार, बाजार समितीचं शेड, जागा कुठलीही असो, तिथे पाण्याची टाकी आणि दावणीला खुंट आहेत का, ते आधी जाऊन बघा. पाच दिवसांची वैरण उंचावर रचून ठेवा. पुरात सगळ्यात आधी हिरवा चारा संपतो, कारण मळीतली वैरण पाण्याखालीच असते. घटसर्प आणि फऱ्याची लस पावसाळ्याआधी टोचून घ्या. कानातल्या बिल्ल्यावरचा बारा अंकी नंबर दिसेल असा प्रत्येक जनावराचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. छावणीत ओळख पटवायला आणि दुर्दैवाने जनावर दगावलं तर मदतीच्या कागदांना तो लागतो.

आणि सगळं हुकलं, पाणी गोठ्यात शिरलं आणि न्यायला वेळच उरला नाही, तर दावं कापा. मोकळी म्हैस पोहून उंचवटा गाठते. दावणीला बांधलेली बुडते. गोठ्याच्या दाराशी एक विळा कायम अडकवलेला असू द्या, कारण भिजून आवळलेली गाठ अंधारात सुटत नाही.

मोटारीसाठी जीव घालवू नका

नदीकाठची मोटार वर काढणं हा आपल्याकडचा पावसाळ्यातला नेहमीचा उद्योग. पाणी दोन फूट चढलं की मोटार दोन फूट वर, परत चढलं की परत वर. मोटार महाग आहे, पाइप महाग आहे, हे मान्य. पण या कामात माणसं शॉकने जातात आणि घसरून वाहून जातात. पेटीतला स्विच बंद केला एवढ्यावर हात घालू नका. वायरमनला सांगून डीपीवरूनच वीज बंद करून घ्या. एकट्याने जाऊ नका, कमरेला दोर बांधा आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या झाडाला. रात्री अजिबात नाही. शक्य असेल तर जूनअखेर, नदी लाल व्हायला लागली की मोटार एकदाच काढून घरी आणा. पावसाळ्यात उसाला पाणी द्यायची वेळ फारशी येतच नाही.

कुणाला आधी हलवायचं

आशाताईकडे गावातल्या गरोदर बायकांची यादी असते. जुलै-ऑगस्टमध्ये ज्यांच्या तारखा आहेत, त्यांना पाण्याची वाट न बघता माहेरी किंवा दवाखान्याजवळच्या नातेवाइकांकडे पाठवा. डायलिसिसवर असलेले, ऑक्सिजन लागणारे, अंथरुणाला खिळलेले, एकटे राहणारे म्हातारे, हे सगळे पहिल्या खुणेलाच निघाले पाहिजेत. प्रत्येक नावापुढे त्यांना उचलून नेणाऱ्या दोन तरुणांची नावं लिहा. नुसतं 'तरुण मंडळ मदत करेल' असं लिहिलं की ऐन वेळी कुणीच येत नाही. ऊसतोड मजूर, वीटभट्टीवरची कुटुंबं, मेंढपाळ यांचीही नोंद घ्या. ते मतदार यादीत नसतात, म्हणून अशा यादीतूनही सुटतात, आणि त्यांची पालं मात्र सगळ्यांत सखल जागी असतात.

घरासाठी फार सामान लागत नाही. आधार, रेशनकार्ड, बँक पासबुक, विम्याचे कागद आणि दाखले एका जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत. त्यांचे फोटो घराबाहेर राहणाऱ्या मुलाच्या किंवा भावाच्या मोबाइलवर. साखर आणि बीपीच्या गोळ्या किमान पंधरा दिवसांच्या. इन्सुलिन असेल तर थंड ठेवण्याची सोय छावणीत मिळेल का, ते आधी विचारा. पॉवर बँक, टॉर्च, प्यायचं पाणी, चिवडा-भडंग-शेंगदाणे, बायकांचे पॅड, बाळाचे कपडे. निघताना मेन स्विच बंद करा. गॅसचा रेग्युलेटर काढून टाकीला टोपी लावा आणि टाकी खिडकीच्या गजाला साखळीने बांधा, नाहीतर ती तरंगत जाते.

बोटीत कुणी किती बसायचं

८ ऑगस्ट २०१९ ला पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळमध्ये बचावाची बोट उलटली आणि सुटकेसाठी निघालेली माणसं, त्यात बायका आणि लहान मुलं, बुडाली. क्षमतेपेक्षा जास्त लोक चढले होते. ती घटना आठवली की अजून पोटात कालवतं. म्हणून बोट असलेल्या प्रत्येक गावाने तिच्या कडेला, बाहेरून, मोठ्या अक्षरांत माणसांची मर्यादा रंगवून घ्यावी. लाइफ जॅकेटची संख्या त्या आकड्याएवढी असली पाहिजे. जॅकेट नाही तर जागा नाही. चढवताना काठावर एकच माणूस हुकूम देणारा असावा. तो सरपंच असो की फौजदार, त्याने कुणाच्या रडण्याला आणि कुणाच्या दमदाटीला बळी पडू नये. मे महिन्यात बोट पाण्यात घालून इंजिन चालवून बघा. वर्षभर शेडमध्ये पडलेलं इंजिन पुराच्या दिवशी चालू होईलच, असं धरून चालू नका. गावातल्या ज्यांनी आपदा मित्राचं प्रशिक्षण घेतलं आहे, त्यांच्याच हातात बोट द्या.

रस्त्यावरून वाहणाऱ्या पाण्यात मोटारसायकल घालू नका. गुडघाभर वाहतं पाणी माणसाला उभं राहू देत नाही आणि पाण्याखाली रस्ता खचलेला असला तर वरून दिसत नाही.

परतल्यावर

पाणी उतरताना धोका संपत नाही. मातीच्या आणि कच्च्या विटांच्या भिंती पाणी ओसरल्यावर पडतात, कारण भिजून फुगलेल्या भिंतीला बाहेरच्या पाण्याचा आधार उरत नाही. घरात शिरण्याआधी बाहेरून फेरी मारा, भिंतीला पोट आलं आहे का, कोपऱ्याला चीर गेली आहे का, बघा. सामान उचलताना काठी वापरा. उबदार कोपऱ्यात साप असतो. साप चावलाच तर चिरणं, चोखणं, घट्ट आवळून बांधणं यातलं काही करू नका. तो हात किंवा पाय हलू न देता थेट सरकारी दवाखाना गाठा. वायरिंग तपासून घेतल्याशिवाय मेन स्विच चढवू नका.

विहिरीचं आणि नळाचं पाणी काही दिवस उकळूनच प्या. नेहमीच्या दिवसांत १००० लिटरला साधारण ५ ग्रॅम टीसीएल पावडर लागते, पुरानंतर मात्र आरोग्य सेवकाला विचारून मात्रा वाढवावी लागते. पावडर कोरडीच विहिरीत फेकू नका. बादलीत कालवून निवळू द्या, वरची निवळी टाका, तासभर थांबा आणि पाण्यात क्लोरीन उरलं आहे का, हे ओटी चाचणीने बघून घ्या. उघड्या पोत्यातल्या, दमट झालेल्या पावडरीत क्लोरीन उरलेलं नसतं. चिखलात काम करताना गमबूट घाला. पायाला जखम असेल आणि ताप, पोटऱ्यांत कळा, डोळे लाल असं काही दिसलं तर लेप्टोची शंका घेऊन त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. गोळी त्यांच्याच सल्ल्याने घ्या.

पंचनाम्याचं मात्र थोडं भान ठेवा. आवराआवर करण्याआधी प्रत्येक खोलीचे, भिंतीवरच्या पाण्याच्या रेषेचे, भिजलेल्या धान्याचे, शेताचे फोटो काढा. जनावर दगावलं असेल तर पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांना कळवून पंचनामा झाल्यावरच विल्हेवाट लावा, पण त्यात दिवस घालवू नका. पंचनाम्यावर सही करण्याआधी तो वाचा, वाचता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून वाचून घ्या. भाड्याने राहणाऱ्यांचंही नुकसान होतं. त्यांची नावं सुटणार नाहीत हे ग्रामसेवकाला आठवणीने सांगा.

पुण्या-मुंबईहून आणि परदेशातून मदत पाठवणाऱ्यांनाही एक विनंती. २०१९ ला महाराष्ट्राने या भागासाठी जीव टाकला, हे इथला माणूस विसरलेला नाही. पण त्याच वेळी जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला भिजत पडले होते. पाठवण्याआधी गावाला फोन करा. बहुतेक वेळा गरज असते ती नव्या आतल्या कपड्यांची, सतरंज्या-चादरींची, खराटे, फावडी आणि फिनेलची, सॅनिटरी पॅडची, पेंड आणि सुक्या वैरणीची, पोरांच्या वह्या-दप्तरांची. पहिल्या तीन दिवसांत सगळं येतं, पंधराव्या दिवशी कुणी येत नाही. पंधराव्या दिवशी या.

फोन क्रमांक चार आहेत: जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष १०७७, राज्याचा कक्ष १०७०, कुठल्याही तातडीला ११२, रुग्णवाहिकेला १०८. फोन लागला की आधी गाव आणि तालुका सांगा, मग माणसं किती, त्यात मुलं, म्हातारे, आजारी किती, पाणी कुठवर आहे, बोट येण्यासारखी मोकळी जागा कोणती आणि जवळची ठळक खूण काय. वायरी कुठे लोंबतायत, तेही सांगा. सगळ्या गावाने एकदम फोन केले की ओळ अडते, म्हणून प्रत्येक गल्लीतून एकच माणूस बोलेल, हेही त्या मे महिन्यातल्या बैठकीतच ठरवून त्याचं नाव तक्त्यावर लिहा.